नाणेघाटात एकटी : डिसेंबरच्या पावसातील एक रात्र

हिवाळ्यात डोंगरावर जायचे म्हटले की घरची माणसे विचारतात, स्वेटर घेतलास का, कानटोपी घेतलीस का? छत्री घेतलीस का, असे कुणी विचारत नाही. सह्याद्रीत डिसेंबर कोरडा आणि स्वच्छ असतो, चालण्यास याहून चांगला महिना नाही, असा आपला समज. बहुतेक वर्षी तो खराही ठरतो. पण १ आणि २ डिसेंबर २०२१ या दोन दिवसांत अरबी समुद्रातील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे कोकणात, नाशिक-पुणे-नगर भागात असा काही पाऊस आणि वारा झाला की पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्या माळावर बसलेल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. बर्फ पडला नव्हता. भांड्यातले पाणी गोठले नव्हते. अंगावर लोकर असलेली जनावरे, तरी मेली.

ती रात्र मी नाणेघाटाच्या माथ्यावर तंबूत काढली. बरोबर कुणी नव्हते.

हवामान खात्याचा इशारा मी वाचलेला होता. वाचूनच निघाले. कारण सांगते. आपली लेणी पाहायला आपण उन्हात जातो, सहलीचे डबे घेऊन जातो, फोटो काढून चार वाजता परत फिरतो. पण ही लेणी कशासाठी खोदली गेली? भगवान बुद्धांनी भिक्खूंना वर्षावासाचा नियम घालून दिला. आठ-नऊ महिने चारिका करायची, बहुजनांच्या हितासाठी गावोगाव फिरायचे आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. सह्याद्रीत त्या तीन महिन्यांसाठी जागा हवी होती. उपासकांनी, व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी दान दिले आणि काळा कातळ पोखरून निवारा तयार झाला. म्हणजे लेणे ही मुळात पावसाची वास्तू आहे. ती पावसातच पाहिली पाहिजे, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षे होते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात गर्दी आणि धिंगाणा इतका असतो की शांतपणे काही पाहता येत नाही. डिसेंबरात पाऊस येतो आहे म्हटल्यावर मी चार दिवसांची रजा टाकली.

वाट निवडतानाही विचार केला होता. नाणेघाट हा मुंबई-ठाण्याकडून जुन्नरला जाण्याचा दोन हजार वर्षांचा जुना व्यापारी मार्ग. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढत असे. घाटाच्या पायथ्याशी मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव आणि माथ्यावर घाटघर. म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे डांबरी रस्ता आहे. एकटीने वाईट हवेत जायचे तर अशीच वाट घ्यावी, जिच्या दोन्ही टोकांना माणसे आहेत. शेजारचा जीवधन किल्ला मी आधीपासूनच यादीतून काढून टाकला होता. त्याच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या आहेत आणि ओल्या कातळावर एकटीने चढणे यात शौर्य काहीच नाही. घरी कागदावर लिहून ठेवले : कुठून चढणार, कुठे उतरणार, कोणत्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करावी आणि कुणाला कळवावे.

त्या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. कल्याणहून मुरबाड आणि पुढे टोकावडे-वैशाखरे हा प्रवास वडापच्या जीपने झाला. जीपमध्ये कोंबलेल्या बारा माणसांपैकी निदान पाच जणांनी मला विचारले, "एकटीच?" हा प्रश्न पुढे दोन दिवस माझी सोबत करणार होता.

वैशाखऱ्यापासून वाट आधी जंगलातून जाते. पाऊस सकाळी नऊपासून होता, पण झाडीत तो अंगावर येत नाही, नुसता वाजतो. पाऊण वाट चढल्यावर झाडी संपते आणि दगडी फरसबंदी लागते. या दगडांवरून बैल, गाढवे, हमाल किती शतके चढले असतील! त्यांच्या पायांनी काही दगड गुळगुळीत झाले आहेत आणि ओले झाले की ते साबणासारखे निसटतात. मी काठी टेकत, प्रत्येक पाऊल पूर्ण ठेवत चढले. एरवी अडीच तासांची वाट, मला चार तास लागले.

माथ्याच्या अलीकडे उजवीकडे लेणे लागते. आत शिरल्याबरोबर पावसाचा आवाज अर्ध्यावर आला. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला तो प्रसिद्ध लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा. शाळेच्या पुस्तकात आपण त्याचे नाव वाचलेले असते. त्यात काय आहे हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे. भारतातील अतिप्राचीन अंकलेखनाच्या नमुन्यांत हा लेख मोडतो, एवढे त्याचे महत्त्व. घाटातून चढणाऱ्या मालावर जकात बसत असे, माथ्यावरचा मोठा दगडी रांजण त्या जकातीसाठी होता असे सांगतात. म्हणजे खालून ओझी वाहून आणणाऱ्यांच्या घामाचा पैसा वर आला आणि त्यातला किती दक्षिणेत गेला, त्याचा हिशेब भिंतीवर कोरून ठेवला. ओझी वाहणाऱ्यांची नावे त्या भिंतीवर नाहीत.

ती नावे पाहायची तर जुन्नरला जावे. तिथल्या बौद्ध लेण्यांच्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, तिने सात कोठड्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान केली. बांबूचे काम करणारे आहेत. कासार आहेत. इरिल नावाचा एक यवन आहे, त्याने दोन पोढ्या दिल्या. दुसऱ्या एका यवनाने संघाला भोजनमंडप दिला. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. डोंगरात पाणी देणे याहून मोठे दान काय असणार? आणि ते देताना पिणारा कोण, हे कुणी विचारलेले नाही.

तंबू कुठे लावायचा?

पुष्कळ लोक नाणेघाटाच्या लेण्यातच पथारी पसरतात. हे योग्य नाही. ते संरक्षित स्मारक आहे. रात्री राहणे नियमात बसत नाही आणि चुलीच्या धुराने लेख काळवंडतात. मी तासभर थांबले, कोरडा सदरा घातला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, टाक्यातले पाणी गाळून बाटलीत घेतले (उकळल्याशिवाय प्यायचे नाही) आणि वर निघाले.

माथ्यावर वारा होता. पावसाळ्यात इथे धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, ते पाहायला माणसे येतात. त्या दिवशी पाणी तेवढे नव्हते, पण वारा कमी नव्हता. नानाच्या अंगठ्यावर उभे राहून कोकण पाहायचे असते. कोकण नव्हतेच, पुढे नुसता पांढरा धूर. दुपारचे तीन वाजले होते आणि संध्याकाळ झाल्यासारखे वाटत होते.

डोंगरावर तंबूची जागा निवडण्याचे काही साधे नियम आहेत. कड्याच्या तोंडाशी नको, वारा उपटून नेतो. ओढ्याच्या पात्रात किंवा खोलगटात नको, रात्री पाणी येते. एकट्या झाडाखाली नको, वीज पडते. शेतात लावायचा तर मालकाला विचारून. या शेवटच्या नियमाने मी एका वस्तीवर गेले. वस्तीचे नाव लिहीत नाही. पडवीत एक बाई तांदूळ पाखडत होत्या. मला पाहून त्यांनी हातातले सूप खाली ठेवले.

"अगं बाई, भिजलीस की! एकटीच? ये, ये, पडवीत ये. तंबू कशाला लावतीस असल्या पावसात? इथंच पड की."

मी टेकले. गूळ आला. कुठली, काय करतेस, लेकरे किती, हे झाले. मग आडनाव विचारले. मी सांगितले. मी ते नेहमी पुरे सांगते. वडिलांनी तसे शिकवले आहे.

बाई काही वाईट बोलल्या नाहीत. जरा वेळ पावसाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तंबू हाय ना तुझ्याकडं? मग त्यात पड. आमचे मालक यायचेत अजून."

पाणी मागितले असते तर वरून ओतले असते की भांडे दिले असते, ते मला ठाऊक नाही. मी मागितले नाही. पिशवी पाठीला लावली आणि निघाले.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलेला १९०१ सालचा प्रवास आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला आहे. मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनावर उतरली, गाडीवाला मिळेना, मिळाला तो शेजारी बसेना. रात्री टोलनाक्याशी मुक्काम पडला. जवळ डबा भरलेला होता, पण पाणी कुणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. त्याच पुस्तकात १९३४ सालची दौलताबाद किल्ल्याची हकीकत आहे. हौदातल्या पाण्याने प्रवासाची धूळ धुतली म्हणून दंगा झाला आणि बॅरिस्टर झालेल्या माणसाला किल्ला दाखवताना, पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शिपाई दिला. पडवीतून उतरताना मला या दोन्ही गोष्टी आठवल्या. माझ्या पाठीवर कोरडी झोपायची पिशवी होती, स्टोव्ह होता, दोन लिटर पाणी होते. त्या मुलांजवळ यातले काही नव्हते. एवढा फरक पडला आहे. फरक कशाने पडला, हे या पानाच्या वाचकांना मी काय सांगावे?

अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे एका खळ्यावर एक म्हातारी आणि तिचा नातू भाताच्या उडवीवर प्लास्टिकचा कागद ओढत होते आणि वारा तो हिसकावून घेत होता. झोडणी व्हायची होती. वर्षाचे भात त्या उडवीत. मी काही न विचारता एक टोक धरले. तिघांनी मिळून कागद ताणला, कडेला दगड ठेवले, सुंभ बांधला. वीस मिनिटे गेली असतील. मग म्हातारीने विचारले, "कोण गं तू?"

तिच्या परवानगीने खळ्याच्या बांधाआड, वारा अडेल अशा जागी तंबू लावला. तिने आतल्या बाजूचा कोरडा पेंढा दोन कवळे आणून दिला. "खाली अंथर. भुई गार हाय." हे शहाणपण फार मोठे आहे. आपण पांघरुणाचा विचार करतो, अंथरुणाचा नाही. रात्री अंगातली ऊब खालून जमीन ओढून घेते.

गारठा माणसाला कसा मारतो?

आता मेंढ्यांच्या गोष्टीकडे येते, कारण घरातल्या मंडळींना उपयोगाची माहिती याच ठिकाणी आहे.

माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. बारा-पंधरा अंशांची हवा, ओले कपडे, वारा आणि रिकामे पोट, एवढे पुरते. हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेते. सुती कपडा एकदा भिजला की पाणी धरून बसतो, म्हणून डोंगरात पावसात सुती साडी, सुती ओढणी, जीनची पँट ही सर्वांत वाईट वस्त्रे. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते, पण तीही चिंब झाली आणि वर रात्रभर वारा लागला तर काय होते, ते मेंढ्यांनी दाखवले.

आधी हुडहुडी भरते. मग बोटे ऐकेनाशी होतात, गुंडी लावता येत नाही. बोलताना शब्द अडखळतात, माणूस चिडचिडा किंवा सुस्त होतो, चालताना ठेचकाळतो. आणि मग हुडहुडी थांबते. बरे वाटू लागले म्हणून ती थांबली, असे समजू नका. शरीराने हात टेकलेले असतात. अशा माणसाचे ओले कपडे काढून कोरडे घालावेत, जमिनीपासून वेगळे करावे, वारा अडवावा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत. दारू तर मुळीच देऊ नये. दारूने ऊब येते हा खोटा समज आहे, तिने उलट कातडीवाटे ऊब निघून जाते. नंतर दवाखाना.

एकट्या माणसाची अडचण ही की ही लक्षणे पाहायला दुसरे कुणी नसते. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. दर तासाला अंगठा करंगळीला टेकवून पाहते आणि मनात त्रिशरण-पंचशील पूर्ण म्हणते. बोटे जुळली आणि एकही ओळ अडखळली नाही, तर डोके ठिकाणावर आहे. वंदना म्हणण्याचा हा उपयोग कुणा भंतेजींनी सांगितलेला नाही, पण तेही हरकत घेणार नाहीत असे वाटते.

त्या रात्री मी सात वाजता खिचडी शिजवली, तीही तंबूच्या बाहेरच्या झापेत, चेन उघडी ठेवून. बंद तंबूत स्टोव्ह पेटवला की विषारी वायू साठतो आणि झोपेतच माणूस जातो. दिवसाचे कपडे ओले होते ते पिशवीत कोंबले, झोपायचे कोरडे कपडे अंगात घातले. ते कितीही मोह झाला तरी चालताना घालायचे नाहीत. आठ वाजल्यापासून वारा वाढला. तंबूचे कापड फडफडायचे, मग ताणून गप्प व्हायचे, मग पुन्हा फडफड. अकराला एक खुंटी उपटली. बाहेर जाऊन दगडाने ठोकली, तेवढ्यात बाह्या भिजल्या. श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून थेंब तोंडावर पडत होते. झोप तुकड्यातुकड्याने आली.

भीती वाटली का? वाटली. वाघराची नाही, भुताची तर नाहीच. दोन वाजता बॅटरीचा उजेड खळ्याकडून हलत हलत आला, तेव्हा मी काठी हाताशी घेतली. एकट्या बाईला डोंगरात भीती असते ती माणसाची, हे उगीच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाहेरून आवाज आला, "आत्या, जित्या हाय का बघून ये म्हणली आजी." नातू होता, डोक्यावर खताचे पोते. मी म्हटले, जित्या आहे. तो उडवीवरचा कागद चाचपून परत गेला.

सकाळी पाऊस चालूच होता. म्हातारीने चहाला बोलावले. चुलीपुढे बसवले. घरात सगळे ज्या कपांतून पीत होते त्यातलाच एक कप दिला. आडनाव तिनेही विचारले, मीही सांगितले. "मंग तुमची माणसं हायेत जुन्नरला," एवढेच म्हणाली आणि नाचणीची भाकरी फडक्यात बांधून दिली. भाताची एक बाजू भिजलीच होती. ते दाणे आता काळे पडणार, व्यापारी भाव पाडून मागणार, हे ती बोलत होती. तिच्या दृष्टीने त्या सकाळची मुख्य गोष्ट ती होती आणि ते बरोबरच होते.

तुळजा लेणी

घाटघरहून जुन्नर सुमारे तीस किलोमीटर. मी रस्त्यानेच चालले. चावंडच्या अलीकडे रस्त्याकडेला धनगराचा वाडा होता. घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस, त्याची बायको, दोन मुले आणि बावीस मेंढ्या ओळीने पडलेल्या. मी त्या मोजल्या, कारण तोही पुन्हा पुन्हा मोजत होता. जिवंत कोकरांना बाईने स्वतःच्या लुगड्यात आणि घोंगडीत गुंडाळून शेकोटीजवळ ठेवले होते, पण शेकोटीत धूरच जास्त होता. माझ्याजवळचा कोरडा प्लास्टिकचा कागद आणि उरलेले रॉकेल त्यांना दिले. तलाठी पंचनाम्याला येईल का, हे तो मला विचारत होता. मी फोनला रेंज येताच तहसील कचेरीचा नंबर शोधून लावून दिला. त्याचे बोलणे झाले. पुढे काय झाले ते कळायला मार्ग नव्हता.

तिथून एका पिकअपवाल्याने पाडळीपर्यंत सोडले. जुन्नरच्या पश्चिमेला, गावापासून चार-पाच किलोमीटरवर तुळजा लेणी आहेत. जुन्नरच्या सगळ्या डोंगरांत मिळून पावणेदोनशेहून जास्त लेणी आहेत. यात्रेकरूंची रांग असते ती लेण्याद्रीला. तिथल्या सर्वांत मोठ्या विहारात आज गणपती आहे. तुळजाकडे फारसे कुणी फिरकत नाही. तिथले चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे खांब, वर घुमट. इसवी सनापूर्वीच्या शतकातले. अशी गोल रचना आपल्याकडे फार दुर्मीळ.

दर्शनी भाग केव्हाच कोसळला आहे, त्यामुळे पाऊस तोंडाशी येतो. पण स्तूपाभोवतीची फरशी कोरडी होती. वंदना घेतली आणि शेजारच्या एका कोठडीत जाऊन बसले. वीतभर उंच उंबरा, त्यावर लाकडी दाराची खाच, आत दगडी बाक. बाहेर दोन हातांवर पाण्याची भिंत कोसळत होती आणि आत एक थेंब नव्हता, वारा नव्हता. बाक जमिनीपासून उचललेला का, दार एवढे अरुंद का, हे उन्हात कधी विचारले नव्हते. पागोळ्या कड्यावरून सुटून लेण्याच्या पुढे पडत होत्या, आत येत नव्हत्या. कातळ कुठे किती पुढे ठेवायचा, हे ज्या पाथरवटाने ठरवले तो पावसात उभा राहून पाहणारा माणूस असणार. अंगावरचे कपडे तिथे बसल्या बसल्या जरा सुकले. संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर जुन्नरात उतरले आणि घरी फोन केला.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांच्यासाठी : एरवीच्या हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. पहिल्यांदा जात असाल तर चौघे-पाच जण मिळून जा. वैशाखऱ्याहून सकाळी आठच्या आत चढायला लागा. दोन जोड कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, डोक्याला लोकरी टोपी, गूळ-शेंगदाणे, शिट्टी, बॅटरी. माथ्यावर कुणी पेंढा दिला तर सकाळी तो झटकून, बांधून परत करा. गुरांचा चारा आहे तो. आणि डिसेंबरात पाऊस झालेला असेल, तर पेंढा मागूच नका. त्यांच्याकडेच कोरडा उरलेला नसतो.